जामनेर ते धुळे, बाळाला जागं ठेवत

जळगाव स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत दोन गोष्टी होत्या: भाच्यासाठी चांदीचे वाळे आणि एका विधेयकाचा मसुदा. मुंबईत मी कायद्याचे मसुदे मराठीत आणायचं काम करते. हा मसुदा नवजात बाळांच्या श्रवणचाचणीचा होता. प्रत्येक बाळाचे कान महिन्याच्या आत तपासावेत आणि दोष सापडलाच तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असं त्यात होतं. ‘दोन्ही कानांची वेगवेगळी’ हे शब्द मला फाजील वाटले, म्हणून गाडीतच त्यांच्यावर पेन्सिल फिरवली. कान म्हटलं की दोन्ही आलेच, असा माझा हिशेब.

जामनेरजवळ वहिनीचं माहेर. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पलीकडे वेचणीला आलेला कापूस आणि मधल्या रस्त्यावर खड्ड्यांची रांग. घरी वीस दिवसांचा भाचा होता, पण बारसं अडलेलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या छोट्या यंत्राने त्याच्या कानांना पास केलं नव्हतं. मोठ्या तपासणीला धुळ्याची तारीख मिळाली होती. “नाव कानातच सांगायचं ना, ताई? मग तो कान ऐकतो की नाही ते आधी कळू दे,” वहिनी म्हणाली. तिचे डोळे जागरणाने सुजले होते.

तिच्या वडिलांना, आबांना, हे मुळीच पटत नव्हतं. “त्याले बठ्ठं (सगळं) ऐकू येते,” म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातून ताट आणि उलथनं आणलं. ठण्ण झालं. बाळ दचकलं, गोठ्यातली म्हैसही दचकली. “पाह्यलं? आता धुळ्याले जाऊन काय करता?”

खरं सांगते, मलाही पटलं. पण वहिनीकडे बघून मी मसुदा काढला आणि ‘महिन्याच्या आत’ हे कलम ठणकावून वाचलं. हा कायदा अजून झालेला नाही, एवढंच सांगायचं राहिलं.

“कायदाच हाये म्हन्ता, त चला,” म्हणत आबा गाडीची किल्ली शोधू लागले.

तपासणी झोपेत होते. म्हणून वाटेत बाळाला अजिबात झोपू द्यायचं नाही, तिथे आल्यावर पाजून निजवायचं, असा धुळ्याच्या दवाखान्यातून फोनवर हुकूम होता. गाडीत बसताच धडधाकट माणसाला डुलकी येते, तिथे वीस दिवसांचं बाळ. गिरणेच्या पुलापर्यंत आम्हाला येत असलेल्या सगळ्या आरत्या म्हणून संपल्या. एरंडोलला पद्मालयाच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले आणि त्याच हातांनी तळपायाला गुदगुल्या केल्या. पारोळ्याला शेवभाजी खाल्ली. नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी ती तर्री आबांनी दोनदा मागून घेतली, ते पुढे भोवलं. आमची अडचण कळल्यावर शेजारच्या टेबलावरच्या दोन ट्रकवाल्यांनी जेवण सोडून बाळापुढे टाळ्या वाजवल्या.

धुळ्यात पोचलो तर बाळ टक्क जागं. दूध प्यायलं, ढेकर दिली आणि आमच्याकडे डोळे वटारून बघत राहिलं. रांगेतल्या एका म्हाताऱ्या अक्कांनी हात पुढे केले. “आण आठे (इकडे). मना नातूबी आसाच शे (माझा नातूही असाच आहे).” त्यांच्याकडून बाळ रांगभर फिरलं आणि शेवटी आबांच्याच खांद्यावर झोपलं. “बठ्ठा चूप ऱ्हावा,” अक्कांनी दटावलं, आणि अख्खा व्हरांडा चूप झाला.

आत तपासणाऱ्या बाईंनी बाळाच्या कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या. कानात बारीक टिकटिक सोडली की मेंदूचं उत्तर पडद्यावर रेघांत उमटतं, असं त्या म्हणाल्या. झोपलेल्या बाळासकट आबांना खुर्चीत बसवून हलायचं नाही म्हणून बजावलं. आणि आबांना उचकी लागली. पडद्यावरच्या रेघा उड्या मारायला लागल्या. आबांनी श्वास कोंडला, चेहरा लालभडक झाला. मी तोंडात ओढणी कोंबली. वहिनीही हसत होती, पण तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

उचकी थांबली, तपासणी झाली. “उजवा कान चांगला ऐकतो,” बाई म्हणाल्या. “डाव्याकडून उत्तर आलेलं नाही. तीन महिन्यांचा व्हायच्या आत पुन्हा तपासू, लागलं तर कानाचं मशीन लावू. आत्ताच कळलं हे फार बरं.”

“पन ताटाले त तो दचकला ना?” आबांनी विचारलं.

“एक कान ऐकत असला तरी बाळ दचकतं, आबा. दुसऱ्याचं ताटाने कळत नाही.”

मला माझी पेन्सिल आठवली आणि लाज वाटली.

“म्हणजे माझा आवाज त्याला येतो?” वहिनीने विचारलं.

“येतो की.”

ती रडली आणि रडतारडताच पुन्हा हसली.

तिसऱ्या दिवशी बारसं झालं. आत्या पाळण्यात वाकून कुर्रर्र करत नाव सांगते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही रीत. मी उजव्या कानात ‘केदार’ सांगितलं आणि पोटभर धपाटे खाल्ले. मग पाळण्याला वळसा घालून डाव्या कानाशी वाकले. बाया गोंधळून थांबल्या.

दारातून आबा म्हणाले, “मारा, मारा. दोन्ही कानांचा कायदाच हाये.”

ठणकती पाठ घेऊन मुंबईला परतले आणि आधी खोडरबर शोधलं. ‘दोन्ही कानांची वेगवेगळी’ हे शब्द जागच्या जागी आहेत. कायदा अजून व्हायचाय. आबांना मी ते अजून सांगितलेलं नाही.