कोणी न घातलेला आठ नंबर

ब्रँट फॉल्स मिलर्स या बेसबॉल संघाच्या कपड्यांची खोली वर्लिन हूकस्ट्राच्या ताब्यात होती. मळलेले शर्ट धुणे, उसवलेले शिवणे, बुटांच्या तळांतली माती खरवडणे आणि हंगामाच्या सुरुवातीला नव्या खेळाडूंना नंबर वाटणे ही त्याची कामे. नंबर वाटताना तो कोणाची भीड ठेवत नसे. जो आधी येईल तो आधी निवडेल, आणि दोघे भांडले तर वयाने मोठा असेल त्याला मिळेल, असा त्याचा नेम. मात्र कोणी आठ नंबर मागितला की वर्लिन डोके खाजवू लागे. कधी म्हणे तो शर्ट शिवायला टाकलाय, कधी म्हणे कारखान्याने पाठवलाच नाही.

आठ नंबर लाइल पोकॉर्नीचा होता. लाइल कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवे बसून चेंडू झेलण्यात त्याचे गुडघे याच मैदानावर झिजले. बाकीचे खेळाडू एखादा उन्हाळा इथे काढत आणि मोठ्या लीगच्या दिशेने वर चढत, नाहीतर निमूट घरी जात. लाइल वरही गेला नाही आणि घरीही गेला नाही. त्याने गावातल्याच आर्डिथशी लग्न केले, हिवाळ्यात धान्याच्या गोदामात कामाला जाऊ लागला आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर तिथेच कायमचा चिकटला. त्याने खेळ सोडला त्या वर्षापासून आठ नंबरचा शर्ट वर्लिनच्या कपाटातून बाहेर आला नव्हता. कपडेवाल्यांची ही रीत जुनीच आहे. मालक ठराव करून थोर खेळाडूचा नंबर मैदानाच्या कुंपणावर टांगतात आणि पुन्हा कोणाला देत नाहीत; कपडेवाला अवाक्षर न काढता कपाटाला किल्ली लावतो. शर्टांचा नवा संच आला की वर्लिन त्यातला आठचा शर्ट पुन्हा घडी घालून आत ठेवी.

यंदा वर्लिनचा शेवटचा हंगाम. संघाचा कारभार पाहणाऱ्या जनीन ऑल्ब्रेक्टने त्याला विचारले, निरोपाला काय देऊ? घड्याळ नको, जेवण नको, आठ नंबर कुंपणावर टांगा, एवढेच त्याने मागितले.

ठरवणारे जनीन धरून तिघे होते. डुकराच्या तळलेल्या मांसाचे सँडविच खाता खाता त्यांनी वर्लिनचे सगळे ऐकून घेतले. नियम सोपा होता: इथे खेळून जो मोठ्या लीगमध्ये नाव काढील त्याचाच नंबर टांगायचा. तसे दोघे टांगलेले होतेच. त्यांतला एक तर इथे जेमतेम एक उन्हाळा राहिला आणि सत्काराच्या भाषणात गावाचे नाव चुकला, याची वर्लिनने आठवण दिली. तिघेही हसले, पण नियम काही हलला नाही.

जनीन म्हणाली, "वर्लिन, लाइल कोणाला आवडत नाही? पण उद्या प्रत्येक गल्ली आपापला लाडका घेऊन येईल. मग नंबर संपल्यावर पोरांच्या पाठीवर काय लिहू, घर नंबर?"

 वर्लिन स्वतः नियमाने चालणारा माणूस. तिचे म्हणणे त्याला पटत होते, आणि तेच त्याला टोचत होते. निघताना जनीनने आणखी एक सांगितले. नवा कॅचर यांदेल मोरेता आठ मागतोय, त्याला देऊन टाक.

शर्ट द्यायच्या आधी लाइलला सांगितले पाहिजे, असे वर्लिनला वाटले. तो संध्याकाळी त्याच्या घरी गेला. लाइल ओसरीवर गुडघ्यांना मलम चोळत बसला होता. वर्लिनने आडपडदा न ठेवता सांगितले की, आठ नंबर टांगायला समिती नाही म्हणाली आणि उद्यापासून तो दुसरा कोणी घालणार.

लाइलचा हात थांबला. "घालणार? कोणी तयार झाला?"

"तयार म्हणजे? पहिल्यापासून मागतात. मीच देत नव्हतो."

"तू देत नव्हतास?"

लाइलने शेवटचा सामना खेळला तो करंडकाचा. त्यात चेंडू त्याच्या पायांमधून मागे गेला, तेवढ्यात पाहुण्यांची विजयी धाव निघाली आणि करंडक त्यांनी नेला. पुढच्या वर्षी लाइल स्टँडमध्ये येऊन बसला तर मैदानावर आठ नंबर कुठेच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्याने आपला अर्थ लावून घेतला. हा नंबर अपशकुनी ठरला, कोणी अंगाला लावत नाही, असा. तेव्हापासून तो स्टँडच्या पार टोकाला बसत आला होता. तिथे सावली असते म्हणून बसतो, असे वर्लिन समजत होता.

"अरे, मी तुझ्यासाठी जपून ठेवला होता," वर्लिन म्हणाला. "तुझ्यानंतर कोणी घालावा असं वाटेना."

"मग तोंडाला काय शिवण घातली होतीस? एकदा बोलायचंस."

"तशी रीत नाही. बोललं की मिरवल्यासारखं होतं."

आतून आर्डिथ म्हणाली, "दोघंही मुके. आणि इतकी वर्षं ह्यांची धुसफूस ऐकली मी."

लाइलने मलमाच्या डबीला झाकण लावले. रागावला असता तर वर्लिनला सोपे गेले असते. शेवटी त्याने विचारले, "तो पोरगा शर्ट कधी न्यायला येतो?"

"सकाळी."

"मी येतो. बघायचंय मला."

सकाळी लाइल कपड्यांच्या खोलीत आला आणि बाकावर बसला. मोरेता आला, वर्लिनने कपाटातून आठ नंबर काढून त्याच्या हातात दिला. त्याला इतिहास कोणी सांगितला नाही आणि त्यानेही विचारला नाही. त्याने शर्ट झटकला, डोक्यातून ओढला, आरशात पाठ बघितली आणि हात वर करून पाहिले.

"काकांनो, काखेत धरतोय," तो म्हणाला. "मोठा नाहीये का?"

वर्लिनकडे मोठा नव्हता. आठच्या शर्टाचे माप घ्यावे असे इतक्या वर्षांत त्याच्या कधी मनातच आले नव्हते. कारखाना पाठवी ते घडी घालून ठेवायचे, एवढेच.

"काढ तो," लाइल म्हणाला. "वर्लिन उसवून देईल. कॅचरला खांदा मोकळा लागतो. बस इथे, तोवर सांगतो, चौथ्या डावात ऊन कुठून डोळ्यांत येतं ते."

मोरेता उघड्या अंगाने त्याच्या शेजारी बसला. वर्लिनने चष्मा चढवला, आठ नंबर मांडीवर उलटा घेतला आणि काखेची शिवण उसवायला लागला.