फाटकाची कडी

सुनंदा गेल्याचं तिच्या भाचीनं, प्राचीनं, फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "फाटक उघडं आहे का गं?" असं कसं बोलले, माझं मलाच कळेना. पण एकोडीतल्या तिच्या घराचं फाटक मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी कधी कडी लावलेलं मी पाहिलंच नव्हतं. वाऱ्यानं ते दिवसभर आपटायचं.

आम्ही एकाच कॉलेजात. मी मराठी शिकवायची, ती इंग्रजी. तिच्या आवडीची एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. नाचाच्या कार्यक्रमात एक श्रीमंत, गर्विष्ठ तरुण एका मानी मुलीला हिणवतो, पुढे तोच मागणी घालतो, ती झिडकारते... आणि शेवटी तो पुन्हा विचारतो. तो नाच पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा सुनंदा म्हणायची, "आपली मंडई समजा. दिवाळीनंतर पाहुणे दंडार पाहायले येतात अन् एकमेकाच्या पोरी पाहून जातात!"

तिची स्वतःची गोष्टही मंडईतच सुरू झाली. देवानंद शाळामास्तर, त्याचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलेलं. दंडारीतली नाचगाणी पाहता पाहता तो मित्राला म्हणाला, "मास्तरीन चांगली हाय, पण नाकावर माशी बसू देत नाही." सुनंदा मागेच उभी होती. पुढच्या मंडईला तोच मागणी घालायला घरी आला. मी चहा दिला. सुनंदा म्हणाली, "ज्याचं गावच पाण्यात गेलं, तो मले घर काय देनार?" त्यानं भरलेला कप खाली ठेवला आणि निघून गेला. मला तेव्हाच वाटलं, हे काही बरं झालं नाही.

संध्याकाळी ती रडली. "रागात बोलली मी."

"मग जाऊन सांग त्याले."

"मी काहून जाऊ? खरा असंल तं परत येईल."

तेव्हापासून दर मंडईला फाटकाची कडी उघडी राहू लागली आणि सुनंदा दाराकडे तोंड करून बसू लागली. एकदा वर्गात कुणीतरी विचारलं, "म्याडम, खरंच कोनी दुसऱ्यांदा विचारते का?" ती हसली. "विलायतेत विचारतात." त्या हसण्याची मला भीती वाटायची. घरी प्राचीलाही ती हीच कादंबरी वाचून दाखवायची, दुसऱ्या मागणीचं पान तर पुन्हा पुन्हा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे सुनंदाला श्रद्धांजली वाहायला जमले, तेव्हा देवानंद आला. केस पिकलेले, लग्न न केलेला. फाटकाबाहेरच थांबला.

"भाऊ, बाहेर काहून उभे? या ना आत," मी म्हटलं.

"तिनं कधी बलावलं नाही," तो म्हणाला आणि वळला. मला दोघांचाही असा संताप आला! प्राची माझ्या शेजारीच होती. सगळं ऐकून पोरगी शहाणी होईल, असं मला वाटलं.

परवा मंडई होती. मी गेले तर फाटक आपटत होतं. प्राची सुनंदाच्याच जागी, दाराकडे तोंड करून बसलेली. गेल्याच आठवड्यात तिनं एका मुलाला नकार दिला होता, त्याच्या एका वाकड्या शब्दावरून. मुलगा तिला आवडतो, हे मला माहीत होतं. मी कडी लावायला वळले.

"राहू द्या मावशी. येईल तो."

"प्राची, तूच जा त्याच्याकडे. आत्ताच जा."

ती हसली, अगदी सुनंदासारखी.

"मी काहून जाऊ?"