तब्येत जास्त हाये

"मी धावलो का लोकाइले रडू येते," कवडू एकदा म्हणाला होता. धानाच्या बांधीचं पाणी फोडत होता तेव्हा. पाऊस येईल म्हणावं, तितक्या सहज बोलला.

कवडू आसगावचा. दोन एकर धान, एक बैलजोडी, बायको आणि एक मुलगा. १९७१ साली तो भंडाऱ्याला पोलीस भरतीला गेला, धावण्यात पहिला आला आणि छातीच्या मापात अर्धा इंच कमी पडला. परत आल्यावरही त्याने धावणं सोडलं नाही. रोज पहाटे निघायचा. आधी डांबरी रस्ता, मग मुरमाच्या तीन टेकड्या, त्यांच्यावरून बकऱ्यांनी पाडलेली वाट, आणि पलीकडे उतरलं की पुन्हा डांबर आणि खैरी गाव. तीन कोस जायचे, तीन यायचे. वाटेत लोक विचारायचे, "काहून बे कवडू, मांगं वाघ लागला का?" तो हसायचा, पण थांबायचा नाही.

१९७४ च्या पावसाळ्यात आसगावच्या लक्ष्मणरावांची आई वारली. तिची लेक खैरीला दिलेली. सडकेवरच्या नाल्याला पूर होता, पोस्टातला फोन बंद होता. गावातल्या जाणत्या दादाजींनी कवडूला बोलावलं आणि काय बोलायचं ते शिकवलं. "मेली म्हनू नको. तब्येत जास्त हाये, लवकर चला, एवढंच म्हन. मानूस वाटंत कोसळला नाही पायजे."

कवडूने तेवढंच सांगितलं. लेकीने ऐकलं आणि उंबऱ्यातच कपाळ आपटलं. या वाक्याचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक होता. तरी ते तसंच बोलायचं असतं आणि ऐकणाऱ्यानेही तसंच ऐकून घ्यायचं असतं.

त्यानंतर पुष्कळ घरी त्याने ते वाक्य नेलं. त्याला कोणी बस म्हणत नसे. पाण्याचा लोटा दारात ठेवायचे आणि आत वळायचे. थट्टा बंद झाली. एका पहाटे तो उगाच, आपल्यापुरता धावत होता. रोवण्याला, धानाच्या लावणीला निघालेल्या विमलाबाईने त्याला पाहिलं. तिचा नवरा नागपूरच्या दवाखान्यात होता. तिच्या डोक्यावरची पऱ्ह्यांची, धानरोपांची पेंढी चिखलात पडली आणि ती तिथेच ऊर बडवायला लागली. नवरा पंधरा दिवसांनी चांगला होऊन घरी आला. पण कवडूचं पहाटेचं धावणं त्या दिवशी सुटलं. मयत झाली तरच तो धावे.

तो शेवटचा धावला १९८३ च्या श्रावणात, आणि तेव्हा कोणी मेलं नव्हतं.

शेजारच्या तुलारामची बायको रुखमा बाळंत झाली होती. पोर रडत होतं. रक्त थांबत नव्हतं. सुईण ललिताबाई बाहेर आली, तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. पवनीच्या दवाखान्यात दिवस मावळायच्या आत नेलं तर वाचेल, म्हणाली. पवनीच्या वाटेवर बैलगाडी चिखलात रुतली असती. गावातल्या एकुलत्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडून पडलं होतं. रुखमाचा भाऊ टेकचंद खैरीला, त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, पण पोस्टातला फोन त्याही दिवशी बंद होता. तुलारामने कवडूचा दंड धरला.

कवडू निघाला. डांबरावर त्याचे पाय सवयीने पडले. बांध्यांमध्ये रोवणा चालला होता. वाकलेल्या बाया एकेक करून सरळ होत गेल्या, जशी हवा धानावरून जावी. एकीने ओरडून विचारलं, कोणाच्या घरचं? कोणीच नाही मेलं, असं तो ओरडला, आणि ते ऐकून तिने पदर तोंडाला लावला.

टेकडीवर मुरूम निसटत होता. चढताना तो वाक्य शोधत होता. तब्येत जास्त हाये म्हणायचं नव्हतं, ते तर मेलेल्यांचं झालं होतं. जिवंत आहे म्हणावं, तर आजवर तो जिवंत माणसाचा निरोप घेऊन कुठे गेला होता? तिसऱ्या टेकडीवर त्याला वाटलं, गावात चालत शिरावं. चालत आला तर विश्वास बसेल. मग ललिताबाईचे हात आठवले आणि तो उतारावर सुटला.

टेकचंदची आई गोदावरीबाई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. तिने त्याला गल्लीच्या तोंडाशी पाहिलं आणि सूप हातातून पडलं. तो दारात पोचेपर्यंत घर रडत होतं.

"कवा झालं?" टेकचंदने विचारलं.

"काही नाही झालं. जित्ती हाये. ट्रॅक्टर काढ, पवनीले न्या लागते."

"तू तं सगळ्याइलेच असं सांगतं, भाऊ."

कवडूने पोराची शपथ घेतली. शेजारच्या भय्याजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूत घातली, की बाबा, तुझा काही दोष नाही, तुला तसंच सांगावं लागतं. मेलेल्या लेकीवर घालायला माहेरचं लुगडं न्यायला हवं होतं. दुकानदार शेतावर गेला होता, त्याला बोलवायला माणूस गेला. नात्यातल्या बाया जमेपर्यंत ट्रॅक्टर अंगणात उभा होता. कवडू प्रत्येकाला सांगत राहिला आणि प्रत्येकजण मान हलवत राहिला. दीड तास गेला. गोदावरीबाईला ट्रॉलीत चढता येत नव्हतं, तिला मागे ठेवलं.

आसगावात ट्रॉली थांबली. बाया गळा काढतच घरात शिरल्या. रुखमाचे डोळे उघडे होते. टेकचंदच्या बायकोच्या, उषाबाईच्या हातात हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं.

"वयनी," रुखमाने विचारलं, "हे कोनासाठी आनलं?"

उषाबाईने ते पाठीमागे केलं. मग सगळ्यांनी धावपळ केली, खाटेसकट तिला ट्रॉलीत चढवलं. पवनीची वेस दिसायच्या आधीच ती गेली. ट्रॉली तिथूनच वळली.

संध्याकाळी तुलारामच्या ओसरीत माणसं बसली होती. टेकचंद भिंतीकडे तोंड करून होता. "जित्ती होती ना रे," तो पुन्हा पुन्हा स्वतःशीच म्हणत होता. आत ललिताबाई पोराला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होती.

दादाजी कवडूजवळ सरकले. उजेड आहे तोवर खैरीला जायला हवं, मागे राहिलेल्या रुखमाच्या म्हाताऱ्या मायला निरोप द्यायला हवा, असं हळू आवाजात म्हणाले.

"काय म्हनायचं, ते तं तुले मालूम हाये."

कवडूने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठला, बसलेल्या माणसांमधून वाट काढली आणि खैरीच्या वाटेला लागला. धावला नाही, चालत गेला.