बंद दमणीचा फोटो

मुलगी नसलेल्या आमच्या घरात त्या वर्षी दोन गोरेपान जावई आले. खिल्लारी जातीचे, उंच शिंगांचे, आणि जावयांसारखेच मानकरी. सकाळी सरकी, दुपारी खरारा, संध्याकाळी शिंगांना तेल. त्यांच्यासाठी नवी कमानीची दमणी करवून घेतली होती. बैलांची हलकी गाडी, वर छत, आत गादी आणि चारी बाजूंनी हिरवे पडदे. मोटार नावाची चीज तेव्हा आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. राणीच्या राज्याची अखेरची वर्षं ती. ज्याला गाडीचा शौक त्याने बैल नाहीतर घोडे बाळगावे.

गाडीचा शौक आमच्याकडच्या स्वारीला होता. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, तेव्हा ‘हे’ म्हटलं की ओळखून घ्यावं. हे ठाण्याच्या कोर्टात वकील. वकिली चांगली चालत होती, स्वभाव शांत, बाहेरचं व्यसन नाही. माझ्या कल्याणच्या माहेरी सगळे म्हणत, पोरीने नशीब काढलं. काढलं होतंच. पण सासूबाई मी आल्यावर दोन वर्षांत वारल्या, मूल काही झालं नाही, आणि दोन माणसांच्या घरात दिवसभर बोलायचं कोणाशी? मी तुळशीशी बोलत असे. कधी चुलीशी भांडत असे. चूल निदान धूर तरी करायची.

दमणीच्या पाठोपाठ घरात कॅमेरा आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! माझी कोठीची खोली गेली, लोणच्याच्या बरण्या बाहेर आल्या आणि आत लाल काचेचा कंदील लागला. कोर्टातून आलं की हे त्या अंधारात शिरायचे ते पानं वाढली अशी हाक मारली की बाहेर यायचे. जेवताना बोटांना औषधांचा वास. मी विचारायची, “भाजी कशी झालीये?” उत्तर यायचं, “हं.” भाजी कुठली होती हे विचारलं असतं तर स्वारी नक्की अडकली असती.

पण ह्यांना फोटो काढताना पाहणं मला आवडायचं. अंगणात बैल उभे करायचे, तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा, मागे काळं कापड, आणि त्या कापडात डोकं घालून हे उभे. आत दुधी काच असते, तिच्यावर समोरचं सगळं उलटं दिसतं, असं एकदा मला सांगितलं होतं. किती वेळ पाहायचे! एका बैलाचं वशिंड, एका चाकाची लोखंडी धाव, कितीदा मागेपुढे व्हायचं, पुन्हा पाहायचं. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. माझ्या मनात एकच यायचं, ते आता लिहायला लाज वाटत नाही: एवढं लक्ष लावून ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहावं. फोटो नाही काढला तरी चालेल. बैलांकडे पाहतात तसं पाहावं.

आमच्याकडे एक ख्रिस्ती बाई वाडीतली भाजी घेऊन यायची. तिने एकदा टोपलीतून फडक्यात गुंडाळलेला आपल्या लग्नाचा फोटो काढून दाखवला. नवरा खुर्चीवर, ती शेजारी उभी, हात त्याच्या खांद्यावर. “पाद्रीबाबाने काडला,” ती म्हणाली. “तुमचा कुटं हाय?”

मी म्हटलं, “आमच्यात फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणतात.”

“मंग बैलांचं?” तिने विचारलं. मी तिला दोन मुळे जास्त मागितले आणि विषय बदलला.

त्या हिवाळ्यात ठाण्या-कल्याणच्या गाडीशौकीन मंडळींनी फोटोंची चढाओढ ठरवली. कोणी वकील, कोणी मुन्सफ, कल्याणचे एक इनामदार, एक पारशी कंत्राटदार. प्रत्येकाने आपल्या गाडीचा एक फोटो द्यायचा, निवाडा रेल्वेकडचा एक गोरा साहेब करणार आणि पहिल्याला चांदीचं तबक. साहेबाने अट एकच घातली: गाडी रोजच्या वापरातली दिसली पाहिजे, सजवून उभी केलेली नको, आणि आत माणसं बसलेली हवीत.

या अटीवर आमच्या ओसरीवर जी चर्चा झाली ती मी दाराआडून पोट धरून ऐकली. दमणी वापरतं कोण? घरच्या बायका. पुरुष कोर्टात पायी जातात. म्हणजे वापरातली दमणी दाखवायची तर आत बायका पाहिजेत. पण घरच्या बाईचा फोटो चारचौघांत टांगायचा? शिव शिव! तसा आमच्यात घुंगट नव्हता. तळ्यावर, देवळात तोंड उघडंच असे. पण घरच्या दमणीत बसलं की पडदा सोडायचा, ही इभ्रतीची रीत. मग एक मुन्सफ म्हणाले, पडदे सोडून रिकामीच गाडी उभी करू, कोणाला कळतंय?

यावर हे उसळले. “रिकाम्या गाडीला पडदा लावून आत माणूस आहे म्हणणं ही खोटी साक्ष झाली! मी नाही देणार.” कोर्टात काय चालायचं ते मला ठाऊक नाही, पण घरात हे खोटं कधी बोलत नसत. “आणि कळतं तर,” ह्यांनी पुढे सांगितलं, “माणूस बसलं की गाडीखालची स्प्रिंगची कमान दबते. फोटोत दिसेल.”

झालं, ठरलं. आत बायका बसवायच्या, पडदे सोडायचे आणि बंद गाडीचा फोटो काढायचा. एवढ्या शिकलेल्या माणसांनी सगळ्यांच्या संमतीने हे ठरवलं आणि वर सुपारी कातरली.

मलाही हसू आलं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते ओसरलं. फोटोच्या दिवशी हे कापडात डोकं घालून दमणीकडे पाहणार, आणि दमणीत मी असणार. मध्ये फक्त एक पडदा. मी मनाशी ठरवलं की तो उचलायचा.

मार्गशीर्षातली सकाळ होती. घोडबंदरच्या रस्त्यावर, मागे डोंगर येईल अशी जागा ह्यांनी आधीच हेरून ठेवली होती. मी पैठणी नेसले, नथ घातली, चाफ्याचं फूल माळलं. ह्यांनी निघताना विचारलं, “हे कशाला?” मी म्हटलं, “असू दे, वजन पडेल.” ते पटलं.

गाडीवान आमचा बाळकुमकडचा. बैलांच्या तोंडाशी उभा राहून त्यांना चुचकारत होता. हे ओरडत होते, “हलू देऊ नको!” तो म्हणाला, “बैलांना काय सांगू मालक, तुमचा फोटू काडतान म्हून?” मग आवाज बंद झाले. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. हे काळ्या कापडात शिरले होते आणि कॅमेऱ्याचं भिंग माझ्याकडे रोखलेलं होतं.

मी पडदा बाजूला केला आणि चेहरा बाहेर काढला.

कोणी पाहील याची भीती नव्हती, गाडीवानाचे डोळे बैलांवर होते. मी सरळ भिंगात पाहिलं. त्या कापडाखाली ह्यांचे डोळे आहेत आणि त्या डोळ्यांपुढे काचेवर मी आहे, उलटी का होईना, एवढंच कळत होतं. हे हलले नाहीत. नेहमी बैलांना पाहायचे तसे अगदी निश्चल उभे. किती वेळ गेला कोण जाणे. मला तो पुरेसा वाटला, आयुष्याला पुरेसा. मग मीच लाजले आणि पडदा सोडला. जरा वेळाने भिंगावरचं झाकण निघालं, पुन्हा बसलं आणि हे म्हणाले, “झालं.” परत येताना मी आत गुणगुणत होते.

घरी आल्यावर ह्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, असं मी स्वतःला सांगितलं. पुढचे काही आठवडे भाजीला “हं” आलं तरी मला राग येईना. मला वाटे, माणूस अबोल आहे, पण त्याने पाहिलंय. तुळशीशी बोलणंसुद्धा कमी झालं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मुन्सफांकडे होतं. गाडीशौकिनांच्या सगळ्या बायका जमल्या. तिळगूळ हातावर पडतो न पडतो तोच विषय निघाला आणि मग हसून हसून कोणाच्या डोळ्यांत पाणी, कोणाला उचकी. कारण प्रत्येक जण नटून बसली होती! एकीने माहेरचा चंद्रहार घातला होता. एकीने अत्तर लावलं होतं. इनामदारांची गाडी ठाकुर्लीजवळच्या कापलेल्या भातखाचरांत उभी केली होती, त्यांची धाकटी सून, जेमतेम सोळा-सतराची, म्हणाली, “मी तर आत अंधारात सारखी हसत बसले होते. फोटोत तोंड हसरं असावं म्हणतात ना!”

“झाकली मूठ सव्वा लाखाची गं,” मुन्सफीणबाई म्हणाल्या आणि पुन्हा हसणं उसळलं. मग ते थांबलं. ती धाकटी सून हातातल्या हलव्याकडे पाहत राहिली. मला त्या सगळ्यांची कीव आली. माझी मात्र गोष्ट निराळी आहे, असं माझ्या मनात आलं आणि त्या सुखात मी दोन लाडू जास्त खाल्ले.

माघात निकाल लागला. पारशिणीचा फोटो सुंदर होता म्हणे. ती फेटन नावाच्या उघड्या घोडागाडीत छत्री घेऊन बसली होती, पण घोड्याने मान हलवली आणि त्याला दोन तोंडं आली. तबक ह्यांना मिळालं.

ह्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. पगडीसुद्धा न उतरवता थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि तबक माझ्या हातात दिलं. साहेबाने भिंग लावून फोटो पाहिला, कमान दबलेली ओळखली, पडद्याची चुणीन् चुणी स्वच्छ आली म्हणाला. ह्यांच्या तोंडून शब्द धो धो येत होते आणि मी तबक धरून ऐकत होते.

“पण थोडक्यात वाचलं बरं का,” हे म्हणाले. “ऐन वेळी पडदा उडाला होता. तुला आत कळलं नसेल. वाऱ्याने अगदी बाजूला झाला.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय, खाली येईपर्यंत थांबलो. बराच वेळ थांबावं लागलं.”

हे हातपाय धुवायला गेले. मी चुलीपाशी बसले आणि फुंकणीने जाळ करू लागले, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं. नंतर पानं वाढली. हे जेवताना पुन्हा सगळं सांगत होते आणि मी “हो का?” म्हणत होते.

तो फोटो अजून दिवाणखान्यात आहे. हे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आल्यागेल्याला दमणी आवडते, बैल फारच आवडतात. त्या फोटोनंतर दहा-बारा वर्षं आमचा संसार चालला, आणि तो वारा नव्हता, मी होते, एवढं एक वाक्य मी ह्यांना कधी सांगितलं नाही. जेवताना, अंगणात, दुखण्यात उशाशी बसलेली असताना, किती वेळा अगदी ओठांवर आलं. माणूस वाईट नव्हता. ऐकून हसले असते, कदाचित हळहळलेही असते.

पण मी सांगितलं आणि त्यानंतरही ह्यांनी मान वर करून पाहिलं नाही, तर? तेवढं सोसायची माझी छाती झाली नाही. वाऱ्यावर ढकललं, म्हणून निभावलं.