दोन मापांमधले दिवस

सुलभा तपासणीच्या टेबलावरून उठायलाच तयार नव्हती. पोटावरची जेल पुसून झाली होती, बाहेर पेशंट ताटकळले होते आणि ती एकच विचारत होती, "डॉक्टर, पण कमी म्हणजे किती कमी?"

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. घाटकोपर स्टेशनजवळच्या एका क्लिनिकमध्ये मी सोनोग्राफी करायचे. मशीन कपाटाएवढं, चित्र धुक्यातल्यासारखं. तरी ते बघायला आख्खं कुटुंब यायचं. सुलभाबरोबर तिचा नवरा दिनकर आला होता. गिरणी बंद पडल्यावर तो वॉचमनची नोकरी करत होता. ती मरोळला एका कंपनीत पॅकिंगला. आठवा महिना चालू होता. पहिलं बाळ याच महिन्यात पोटातच गेलं होतं.

शेवटच्या महिन्यांत आम्ही बाळाचं डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजतो आणि तक्त्याशी ताडून बघतो. इथे पोटाचा घेर बराच मागे होता. वारेतून बाळाला पोषण कमी मिळत असेल तर असं होतं. बाळ चणीनंच लहान असेल तरीही होतं. एका मापावरून यातलं काय ते कळत नाही.

मी तिच्या गायनॅकना फोन लावला. त्या मला खूप सीनियर.

"सिझर करून टाकू का? मागचं बाळ गेलंय तिचं. मला रिस्क नको."

"आत्ता काढलं तर काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, मॅडम. पेटी मिळेल?"

"बघावं लागेल."

"मग दोन आठवडे द्या. बाळाभोवती पाणी चांगलं आहे, हालचाल आहे. याच मशीनवर मी पुन्हा मोजते."

"बरं. पण हालचाल कमी वाटली तर सरळ माझ्याकडे यायचं, तिला सांग."

तीनच दिवसांनी सुलभा कंपनीतून सुटून थेट क्लिनिकमध्ये हजर. "आज मोजा ना."

"अगं, तीन दिवसांत बाळ जेवढं वाढतं, त्यापेक्षा आमची मोजण्यातली चूक मोठी असते. उगाच घाबरशील."

"हलतंय तसं. पण मागच्या वेळीपण मला हलतंय असंच वाटत होतं."

मी तिला टेबलावर घेतलं. काही मोजलं नाही, फक्त हृदय दाखवलं. पडद्यावर एक ठिपका लुकलुकत होता. ती बघत राहिली, मग साडी सावरून गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली. मग पुन्हा.

क्लिनिकचे मालक, आमचे सर, वैतागले. "ही बाई इथे सारखी काय करते?"

"हार्टबीट बघायला येते, सर."

"क्लिनिक आहे का टीव्ही?"

सर केबिनमध्ये गेले. थोड्या वेळानं दार उघडून म्हणाले, "ती आली की आधी तिला घेत जा. गर्दीत बसवू नकोस."

दोन आठवडे झाले. दिनकर रजा टाकून आला होता. मी घेर तीनदा मोजला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. जेवढा वाढायला हवा, तेवढा वाढला होता. बाळ अजून लहानच होतं, पण थांबलेलं नव्हतं.

"लहान आहे," मी म्हटलं, "पण वाढतंय."

दिनकर इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. आईची आठवण काढून म्हणाला, "म्हणजे माज्या आवशीवर गेला. ती पण एवढीशीच."

सुलभा हसली. त्या दोन आठवड्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

दिवस पूर्ण भरून मुलगी झाली, नॉर्मल डिलिव्हरी. वजन बेताचंच, पण पेटीची गरज पडली नाही. सव्वा महिन्यानंतर दोघं तिला दाखवायला घेऊन आले. सरांनी तिला उचललं आणि तिनं त्यांचा कोट ओला केला.

पुढे मशीनं सुधारली, चित्रं स्वच्छ झाली, मापं पटापट निघू लागली. 'दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे' हे वाक्य मी हजारो रिपोर्टांत लिहिलं असेल. लिहायला काहीच लागत नाही. ते दोन आठवडे काढायचे असतात पेशंटनं.