सोपानदादाची लँडमास्टर

शकूवहिनींचा फोन आला तेव्हा मी संगमनेरच्या बसस्थानकावर उभा होतो. "गाडी पुसता पुसता खाली बसले, ते उठलेच न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या. माझा मावसभाऊ सोपानदादा गेला... त्या गाडीपाशीच गेला, याचं मला नवल वाटलं नाही. राग आला. दीड महिना होत आला, अजून तो जात नाही.

दादा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होता. बैलाचे दात पाहून वय सांगायचा आणि चाल पाहून भाव. माणूस दिलदार, पण हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही. सावेडीत त्याने एक प्लॉट घेऊन ठेवला होता. वहिनींचा सारा संसार नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. त्या प्लॉटवर स्वतःचं घर व्हावं, याखेरीज त्यांनी कधी काही मागितलं नाही. बांधकाम काढायचं ठरत होतं, तेवढ्यात दादाने मोबाईलवर कुठल्याशा लिलावाचा व्हिडिओ पाहिला. एका जुन्यापुराण्या मोटारीला बंगल्याची किंमत आली होती. त्याच सुमारास ओळखीतल्या एका दिवंगत डॉक्टरांची लँडमास्टर त्यांच्या मुलांनी विकायला काढली. अँबॅसिडरच्याही आधीची, गोल पाठीची गाडी. दादाने प्लॉट विकला आणि ती आणून भाड्याच्या घराच्या अंगणात उभी केली.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस, तावातावाने भांडायला गेलो. गाडी दूध देत नाही, भाडं देत नाही, नुसती खायला काळ आणि भुईला भार, असं परोपरीने सांगितलं. तो हसला. "बैल म्हातारा झाला की भाव उतरतो, हिचा चढतो. जलमभर उलटाच धंदा केला बघ मी." वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, पण त्या बाहेरही आल्या नाहीत.

खरं सांगायचं तर त्याचं गणित अगदीच चुकीचं नव्हतं. अशा गाडीला भाव येतो... ती होती तशीच राखली तर, आणि वेड लागलेलं गिऱ्हाईक भेटलं तर. दुसरं त्याच्या हातात नव्हतं आणि पहिलं त्याला ठाऊक नव्हतं. बाजारात न्यायचा बैल आधी घासून धुतात, शिंगं तासून रंगवतात, नवी वेसण घालतात. दादाने गाडीचं तेच केलं. मूळचा विटका करडा रंग खरवडून झगझगीत लाल मारला, गाद्या उसवून रेक्झिन चढवलं, कुरकुरणारं इंजिन भंगारात देऊन डिझेलचं बसवलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मग पुण्याहून गिऱ्हाईक आलं. सभ्य, वयस्कर गृहस्थ. त्यांनी बॉनेट उघडून इंजिन पाहिलं, बोटाने रंग चाचपला आणि हळूच म्हणाले, "हिला हात लावला नसतात, तर मी आजच नेली असती." दादाला वाटलं, भाव पाडतायत. त्याने खांद्यावरचा पंचा काढून हातावर टाकला आणि त्याखालून हात पुढे केला. बाजारात दलाल असाच, पंच्याआड बोटं धरून, भाव बोलतात. गृहस्थांना त्यातलं काय कळणार? त्यांनी तो हात निरोपाचा समजून हलवला आणि गेले. दादा पंचा तसाच धरून उभा राहिला. तो चेहरा मला विसरता येत नाही. त्यानंतर आणखी दोघं-तिघं आली, कोणी दुसऱ्यांदा आलं नाही. दादाने बाजार सोडला. रोज सकाळी गाडी पुसायची, एवढंच काम उरलं.

कोणी मला विचारतं, जुन्या गाड्यांत पैसे घालावेत का? मी उत्तर देत नाही. द्यायचं ते दादाला देऊन झालं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. घरमालकाला अंगण मोकळं करून हवंय, म्हणून मी एका भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. वहिनी खोलीत नव्हत्या. गाडीत मागच्या सीटवर बसून लसूण सोलत होत्या. पुढच्या सीटवर घडी घातलेली चादर, काचेला टेकवून ठेवलेला गणपती, शेजारी कंगवा आणि तेलाची बाटली. मी भंगारवाल्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदरातली सालं खिडकीबाहेर झटकली.

"भावजी, भाड्याची न्हाई अशी हीच एक खोली मिळाली मला," त्या म्हणाल्या. "न्हेऊ द्या त्याला. पन उद्या. आज बसते मी."