चुकून पाहिलेलं सदलगा

देवाधर्माच्या बाबतीत मी आयुष्यभर कोरडाच राहिलो. टिळकवाडीत घर, शाळेत गणित शिकवण्यात गेलेली सगळी नोकरी, आणि कुणाला काही विचारायचं नाही हा स्वभाव. विचारलं की आपल्याला माहीत नाही हे उघड होतं, आणि मास्तरला ते परवडत नाही. मागच्या हिवाळ्यात बायकोचं पित्ताशय सुजलं, तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. तेव्हा तिने जाहीर केलं, "माहेरच्या देवीचा अंगारा कपाळाला लागल्याबिगर मी टेबलावर चढणार न्हाय." आता एक दिवसही लांबवणं धोक्याचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण तिच्यापुढे त्यांचंही काही चालेना. तिच्या बहिणीला जवळ बसवून मी चरफडत निघालो. चरफडत होतो, कारण घाबरलो होतो.

तिचं माहेर चिकोडीच्या पलीकडचं खेडं. निपाणीहून निघणारी बस तिथेच संपते. निपाणीच्या स्टँडवर बसच्या पाट्या कानडीत, आणि ती लिपी शिकायची नाही हा सीमाभागातल्या आमच्या पिढीतल्या काहीजणांचा बाणा, त्यात मी सगळ्यांच्या पुढे. आजूबाजूला सगळे मराठीच बोलत होते, पण विचारणार कोण? पूर्वी ती बस जिथे लागायची, तिथे उभ्या असलेल्या बसमध्ये चढलो. कंडक्टरने कुठे म्हणून विचारल्यावर रुबाबात "शेवटचा स्टॉप" म्हणालो आणि झोपी गेलो. जाग आली ती सदलग्यात.

गाव मोठं देखणं होतं. कौलारू घरं, कडेला ऊस, पलीकडे दूधगंगेचं संथ पाणी. मला मात्र त्यातलं काही गोड लागेना. दिवस कलला होता आणि देवीच्या गावाला पोचणारी बस आता मिळणार नव्हती. एका घराच्या कट्ट्यावर टेकलो आणि चक्क डोळे भरून आले. घरातल्या बाई बाहेर आल्या, पन्नाशीच्या असतील. "काय झालं आण्णा? कुठनं आलासा?" त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

"आधी जेवा, मग बघू," मला आत बसवत त्या म्हणाल्या. आमच्या टिळकवाडीत तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा अर्धी पोळी घ्यायची, अशी रीत आहे. मी दुसऱ्या नकोवर होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आण्णा, आम्ही जैन. दिवस मावळल्यावर जेवत न्हाय. दारात आलेला माणूस जेवल्याबिगर मला बसता येत न्हाय. तुम्ही नको नको करत बसलासा तर आज मी पण उपाशीच." मी खिडकीतून सूर्याकडे पाहिलं. माझ्या सभ्यपणापायी एक बाई उपाशी राहायची वेळ आली होती. मग भाकरी, मुगाची आमटी आणि ताक असं मी जेवलो, पेपरला शेवटची पाच मिनिटं उरल्यासारखा. त्यानंतर त्याही घाईने जेवल्या.

मग आक्का, एव्हाना मी त्या बाईंना आक्काच म्हणू लागलो होतो, मला त्यांच्या देवळात, बस्तीत, घेऊन गेल्या. सकाळच्या अभिषेकाचं पाणी, ज्याला ते गंधोदक म्हणतात, छोट्या बाटलीत भरून दिलं. "वैनींच्या डोळ्यांस्नी, कपाळाला लावा. देवी काय रागवायची न्हाय." त्यांच्या मालकांनी मला मोटारसायकलवरून इचलकरंजीला नेलं, बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "ह्यास्नी कोल्हापुरातच उतरवा." मीही या वेळी गावाचं नाव घेऊन तिकीट काढलं.

तरी माझ्यातला हुशार माणूस मेला नव्हता. कोल्हापुरात उतरल्यावर चहाच्या गाड्यावरच्या देवाच्या फोटोपुढची उदबत्तीची राख पुडीत बांधून घेतली. बायकोला काय कळणार? पण तिच्या खाटेशी गेलो आणि तिने डोळे मिटून कपाळ पुढे केलं. तेवढं विश्वासाने पुढे आलेलं कपाळ बघून माझा हात खिशातून निघेना. मी सगळं खरं सांगितलं. झोप, सदलगा, आक्का, राखेची पुडीसुद्धा. शेवटी बाटली पुढे केली.

ती पोट धरून हसली, दुखत असतानाही. "तुम्ही एका अनोळखी बाईजवळ रडलासा?"

"व्हय," मी म्हणालो. घरात मी तिची बोली कधी बोलत नाही.

"मग आणा हिकडं." तिने ते पाणी डोळ्यांना, कपाळाला लावलं. "देवीला बरी झाल्यावर भेटीन. ती माझीच हाय, कुठं जातीया."

ऑपरेशन नीट पार पडलं. आता कुणी सुट्टीत पुण्याला, बेंगळुरूला निघालं की मी सदलगा सुचवतो आणि लोक मला हसतात. मुद्दाम जावं असं तिथे काय आहे, ते मला पटवून देता येत नाही. तो दिवस माझ्याकडून कुणी घडवला, हेही मला सांगता येत नाही, आणि ते सिद्ध करायची हौसही उरलेली नाही. त्या सकाळी तिला आत नेलं, दार लागलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हात जोडले. कुणाला जोडतोय, हे बघायचं राहूनच गेलं.